एकची कळ नसलेलं मशीन

सर,

तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जिन्याखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. वर, तुमच्या खोलीत, झेरॉक्सची दोन मशिनं आहेत. मागच्या महिन्यात सोलापूरला आले होते, तेव्हा सात रस्त्याला रिक्षा सोडली आणि काही काम नसताना तो जिना चढून गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, "काय पाहिजे, काकू?" काहीतरी सांगायला हवं म्हणून पिशवीतली चार पानं काढून दिली. ती माझ्याच पुस्तकाची पानं होती, पुस्तक अजून छापून व्हायचंय. ती झेरॉक्स काढत होती आणि मी खिडकीकडे बघत होते. त्या खिडकीखाली रेक्झिनची टोपडी घातलेली टाइपरायटरं ओळीनं बसलेली असायची. तुमची खुर्ची होती त्या कोपऱ्यात आता कोऱ्या कागदांच्या रिमा रचल्यात. तुम्हाला ते चाललं असतं. कोरा कागद कुणी चुरगळला तर तुम्हाला राग यायचा, माणूस उशिरा आला तर इतका यायचा नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात दुसऱ्यांच्या हाताखाली प्रोग्रॅम लिहीत होते. त्यानंतर शिकवायला लागले, ते तुम्हाला कळवायचं राहिलं. आता कॉम्प्युटर शिकवते, आणि मराठीतून शिकता यावं म्हणून हे पुस्तक लिहिलंय. त्याला कारण झाली वर्गातली एक मुलगी. बार्शीकडची आहे, शेवटच्या बाकावर बसते. एकदा तास संपल्यावर सगळे बाहेर गेल्याची खात्री करून ती माझ्या टेबलाशी आली, वहीच्या कोपऱ्यात एक खूण काढली आणि म्हणाली, "मॅडम, पुस्तकात हे आलंय. नेटवर टाकून बघितलं, काहीच येत न्हाई. कॉम्प्युटर म्हणतोय, तुम्ही काय लिहिलंच नाही." मी म्हटलं, "नाव लिहून शोध ना." ती हसली. "नाव माहीत असतं तर शोधलं कशाला असतं, मॅडम?"

सर, हेच वाक्य मी तुम्हाला बोलले होते, त्याच जिन्याच्या वरच्या खोलीत, आणि तुम्ही टेबलावर थाप मारून हसला होतात.

मी तुमच्याकडे आले ती अक्षरामुळे. माझं अक्षर इतकं वाईट होतं की कॉलेजात एका परीक्षकानं पेपरावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, फक्त प्रश्नचिन्ह. दादा मिलमध्ये होते. माझे वडील, पण त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो. सकाळच्या भोंग्याला निघायचे, संध्याकाळी यायचे ते केसांत कापूस घेऊन. त्यांना कुणीतरी सांगितलं, पोरीला टायपिंग लावा, मग अक्षराचं कोण विचारतंय. पहिल्याच दिवशी तुम्ही मला खिडकीजवळच्या मशीनवर बसवलंत. मी कळा बघत गेले. दोन होता, तीन होता, पार नऊपर्यंत सगळे होते. "सर, एक कुठाय?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "कंपनीने बचाया. एक कळ वाचवली. तो बारका एल दाब, तोच आपला एक." मी दाबून बघितलं. कागदावर खरंच एक उमटला. मला गंमत वाटली. तुम्ही मग उद्गारचिन्ह करून दाखवलंत, तेही मशीनवर नव्हतं. आधी वरचा स्वल्पविराम, मग एक घर मागे, मग त्याच्याखाली पूर्णविराम. "ह्या मशीनमध्ये नाही असं काय नाही बेटा. फक्त एक घर मागं जायला शिक." आणि एखाद्या आकड्याच्या डोक्यावर बारका आकडा चढवायचा असला, तर रोलर अर्धाच फिरवायचा, आकडा मारायचा, पुन्हा खाली यायचं. ते तुम्ही इतक्या नजाकतीनं करायचात की आम्ही पोरी मुद्दाम पुन्हा विचारायचो.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, पण कॉम्प्युटरचा तास होता. गणिताचे प्रोफेसर शनिवारी फोर्ट्रान नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवायचे. आम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, ते कागद पुण्याला जायचे, तिथल्या मुली ते बघून कार्डांना भोकं पाडायच्या, ती कार्डं मशीन वाचायचं, आणि दोन-तीन आठवड्यांनी आमचं उत्तर नाहीतर आमच्या चुका छापून परत यायच्या. प्रोफेसरांनी सांगितलं होतं की ज्यांचा प्रोग्रॅम चालेल, त्यांच्यातल्या एकाचं नाव ते पुण्याच्या सेंटरला कळवतील. वर्षभर शिकवणार, राहायची सोय, पुढे नोकरी. मी घरी सांगितलं. दादा भाकरी मोडता मोडता थांबले. "तुजं चाललं तर जा पुण्याला, मी न्हाई म्हननार न्हाई. पन न्हाई चाललं, तर कुर्डुवाडीच्या पावन्यांना हो म्हनायचं. मुलगा रेल्वेत हाय, मानसं चांगली हायत. मी किती दिस त्यास्नी थांबवू?" ते रागावून बोलत नव्हते, त्यामुळे मला भांडताही येईना. मला त्या मुलाबद्दल काहीच वाईट वाटत नव्हतं. मला फक्त ते मशीन बघायचं होतं.

पुस्तक वर्गात एकच, इंग्रजी, आळीपाळीनं घरी न्यायचं. माझी पाळी आली आणि पहिल्याच संध्याकाळी मी अडले. एका ओळीत दोन चांदण्या होत्या, ताऱ्यासारख्या छापलेल्या खुणा, एकमेकींना चिकटून. आधीच्या पानांत एक चांदणी येऊन गेली होती, ती गुणाकाराची. पण दोन? पुस्तकाच्या मागे सूची होती, ए पासून झेडपर्यंत. चांदण्या ए मध्ये नव्हत्या, एस मध्ये नव्हत्या, कशातच नव्हत्या. ज्याला अक्षर नाही ते अक्षरांच्या रांगेत कुठं उभं राहणार? प्रोफेसर गावाला गेलेले. वर्गातल्या मुलांना विचारायचं तर ती म्हणणार, हे पण येत नाही का. म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही पुस्तक डोळ्याजवळ नेलंत, लांब धरलंत. "मला तर हे तळटिपेचं वाटतं. पण इथं तळाला काय नाही." मग तुम्ही म्हणालात, "नाव शोध, मग अर्थ शोध," आणि मी ते वाक्य बोलले. हसून झाल्यावर तुम्ही एका चिठ्ठीवर दोन चांदण्या टाइप केल्यात आणि जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवायला लागलात.

ती दुपार मला आजही समोर दिसते. छापखान्यातले कंपोझिटर काका कार्बन मागायला येतात. चिठ्ठी बघतात. "दुसरी तळटीप. एक चांदणी पहिली, दोन चांदण्या दुसरी. ह्यात काय अवघड हाय?" वकिलांचा कारकून येतो. तो म्हणतो, "बाईचं नाव लपवायचं असंल तर आमी असं घालतो." टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसलेला स्टेशनवरचा एक बुकिंग क्लार्क यायचा. तो चिठ्ठी हातात घेऊन अगदी गंभीरपणे विचारतो, "गाडी कुठली आहे?" तुम्ही म्हणता, "गाडी नाही, कॉम्प्युटर आहे." तो म्हणतो, "मग टाइमटेबलात बघा की. चांदणी म्हणजे रविवारी नाही. दोन म्हणजे रविवारी आणि सणाला नाही." कंपोझिटर काका त्याला म्हणतात, "तुमची गाडी इतर दिवशी तरी वेळेवर असती का?" आणि माझ्या शेजारची मुलगी हसता हसता ओळ चुकते, तुम्ही न बघताच तिला ओरडता, "आवाजावरून कळतं मला!" मी मात्र खूप हिरमुसले होते. प्रत्येकाकडे उत्तर होतं, आणि ते ज्याच्या त्याच्या कामातलं होतं, माझ्या कामातलं नव्हतं.

सगळे गेल्यावर तुम्ही माझ्यासमोर स्टूल ओढून बसलात. तुम्ही म्हणालात, "आमच्या पेठेत कुणाच्या घराला नंबर नाही. पोस्टमन नवा आला तर काय करतो? शेजारी विचारतो. आता ह्या चांदण्यांच्या डाव्या हाताला कोण राहतो?" मी म्हटलं, आर. "उजव्या हाताला?" दोन. "बरं, हा आर कोण?" मी पान मागे उलटलं. गोलाची त्रिज्या. तिथं क्षेत्रफळाचं सूत्र नेहमीसारखं छापलं होतं, आरच्या डोक्यावर बारका दोन. मी त्या सूत्राकडे बघितलं, मग दोन चांदण्यांकडे. "सर, वर्ग! हा वर्ग आहे!" तुम्ही पुस्तक ओढून घेतलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते कौतुकापेक्षा दयेसारखं होतं. त्या न बघितलेल्या पुण्याच्या मशीनबद्दल दया. "म्हणजे बिचाऱ्याला रोलर अर्धा फिरवता येत नाही! आकडा वर चढवता येत नाही म्हणून दोन चांदण्या घालतो. तो पण आपल्यासारखंच करतो, बेटा. नाही ते आहे त्यातनं करतो." त्या दिवसापासून मला त्या मशीनची भीती वाटली नाही.

मी प्रोग्रॅम विहिरीवर केला. आमचे तात्या, दादांचे धाकटे भाऊ, गावाकडं असायचे, त्यांची विहीर गोल. एक हात पाणी असलं तर किती, दोन हात असलं तर किती, असं तीस हातांपर्यंत. प्रोग्रॅम हातानं लिहिला, आणि तुम्ही बघून तोंड वाकडं केलंत. "हे पुण्याला पाठवणार? कोंबडी शाईत पाय घालून फिरलीय. टाइप कर. टाइप केलेल्या कागदाला माणूस उठून उभा राहतो." मी टाइप केला. एकही खाडाखोड नव्हती, समास सरळ रेषेत. तुम्ही तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरलात आणि एकही चूक न काढता टेबलावर ठेवलात. तुमच्याकडून इतकं मिळणं म्हणजे बक्षीस होतं.

तो परत आला तो चुकांनी भरून. पान संपलं तरी चुका संपेनात. मला काही कळेना, मग समासात कुणीतरी पेन्सिलनं मराठीत लिहिलेलं दिसलं. "ताई, हे एक आहे, एल आहे की आय? कळेना, अंदाजानं मारलंय." पुण्याची कुठली तरी कार्डं पंच करणारी मुलगी. सर, मी प्रत्येक एकच्या जागी एल मारला होता. त्याशिवाय मला एक माहीतच नव्हता! तुम्हीच शिकवलेला, सगळ्या टायपिस्ट पोरी मारतात तो. पत्रात आला तर कुणीही तो एक म्हणूनच वाचेल. पण इतर सगळी अक्षरं मोठी, मधेच हा बारका, आणि प्रोग्रॅममध्ये आय नावाची संख्याही होती. त्या मुलीनं कुठं एल मारला, कुठं आय, कुठं खरा एक. माझी विहीर पहिल्या हातालाच फुटली होती. नावं कळवायची मुदत जवळ आली होती, आणि प्रोफेसरांचा पुढचा गठ्ठा दिवाळीनंतर जाणार होता.

तो कागद तुमच्यासमोर ठेवला तेव्हा तुम्ही पेन्सिलची ती ओळ दोनदा वाचलीत. मला वाटलं आता हसाल. तुम्ही उठून टोपी घातलीत. काळी टोपी, ती तुम्ही फक्त ईदला आणि परीक्षा अधिकारी आले की घालायचात. "चल." तळपत्या उन्हात तुम्ही पुढे, मी मागे, कॉलेजपर्यंत. प्रोफेसरांच्या खोलीत तुम्ही बसला नाहीत. "साहेब, चूक पोरीची नाही. चूक माझ्या मशीनची आहे, आणि मशीन माझं आहे." प्रोफेसरांनी कागद बघितला, समासातली ओळ बघितली, मग माझ्याकडे. "म्हणजे हिला विहीर येते, एक येत नाही?" तुम्ही म्हणालात, "एक माझ्यामुळं येत नाही." प्रोफेसर हसायला लागले ते थांबेनात. मग म्हणाले, "परवा सकाळी माझा भाचा पुण्याला जातोय. उद्या चारपर्यंत मला ती छापील चौकोनांची शीट भरून आणून द्या. पण हातानं लिहिलेली. प्रत्येक चौकोनात एकच अक्षर. वाचता आलं पाहिजे."

हातानं. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही दुसरीकडे बघितलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारची बॅच तुम्ही बंद ठेवलीत. इन्स्टिट्यूट इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. सगळी मशिनं टोपडी घालून गप्प, खालून सायकलच्या चाकाचा आवाज, आणि तुम्ही ब्लेडनं पेन्सिल तासताय. नवी पेन्सिल, तुम्ही विकत आणलेली. "लिही. घाई नाही. एक घर, एक अक्षर." मी पहिली ओळ लिहिली आणि तुम्ही मान हलवलीत. "कोंबडी आली परत." दुसरा कागद. अक्षर चौकोनाबाहेर पडतंय, डोळ्यांत पाणी. "सर, मला नाही येत. म्हणून तर टायपिंगला आले." तुम्ही म्हणालात, "मला पण नाही येत. म्हणून तर टायपिंग शिकवतो." आणि वहीचं पान पुढे ओढून तुम्ही स्वतःचं नाव लिहून दाखवलंत. सर, ते माझ्यापेक्षा वाईट होतं. इतक्या महिन्यांत तुम्ही आमच्यासमोर कधी हातानं काही का लिहिलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघं हसलो. मग तुम्ही म्हणालात, "आता एक काढ. साधी काठी नको. खाली पाट दे उभं राहायला, वर झेंडा दे. लांबून दिसला पाहिजे, मी एक आहे म्हणून." मी काढला. पाट, काठी, झेंडा. पुढच्या चौकोनात शून्य. प्रत्येक एक आला की तुम्ही नुसतं "झेंडा" म्हणायचात. चारच्या आधी शीट प्रोफेसरांच्या हातात होती.

उत्तर आलं, प्रोफेसरांनी माझंच नाव पुण्याला कळवलं, आणि तो कागद मी घरी नेण्याआधी तुमच्याकडे आणला. तुम्ही तो लांबरुंद कागद घेऊन सवयीनं रोलरपाशी नेलात. तो तुमच्या कुठल्याच मशीनमध्ये मावला नसता. कडेच्या भोकांवरून तुम्ही अंगठा फिरवलात. ओळीनं आकडे उभे होते, हाताहातानं वाढत जाणारं पाणी. तुम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. तिथं एक होता, ठसठशीत. "हा बघ," तुम्ही म्हणालात, "ह्याच्याकडे आहे एकची कळ." मी निघताना ती पेन्सिल मला दिलीत. अर्धी झाली होती.

दादांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा. तात्या आले होते, त्यांनी विचारलं, "त्यात पानी हाय का न्हाय, ते सांगतंय का तुजं मशीन?" मी म्हटलं, "न्हाई तात्या, असलं तर किती ते सांगतं." "मग ते दोर सोडून मला बी कळतंय की." दादा हसले नाहीत. कागदाची नीट घडी घालून माझ्याकडे देत म्हणाले, "पावन्यांना मी सांगतो. तू कपडे बघ." समासात पेन्सिलनं लिहिणारी ती मुलगी मला पुण्यात पहिल्याच आठवड्यात भेटली. मला बघून म्हणाली, "झेंडेवाली ताई तुम्हीच का?" आजही आम्ही एकाच इमारतीत राहतो.

आता पुस्तकाचं शेवटचं काम सूचीचं. प्रकाशकांच्या संपादकांचा परवा फोन आला. "मॅडम, सूची अ पासून सुरू होते. ही चिन्हं कुठं बसवायची?" मी म्हटलं, आधी. "आधी म्हणजे?" "अ च्या आधी. पहिल्या पानापासून." तिथं प्रत्येक चिन्हाचं मोठं चित्र आहे, त्याला लोक काय काय म्हणतात ते आहे, चांदणी, जाळी, टोपी, महिरप, आणि ते बहुतेक कुणाच्या शेजारी बसतं तेही आहे. झेरॉक्सला दिलेली चार पानं तीच. बार्शीच्या मुलीला दाखवली. तिनं बोट फिरवत फिरवत तिची खूण शोधली आणि म्हणाली, "सापडतंय की, मॅडम." सध्या तरी तेवढंच हवं होतं. नेटवरही एक दिवस सापडेल. कुणीतरी ते काम करायला बसलं असेलच, कदाचित तीच बसेल.

हे पत्र मी कॉम्प्युटरवरच लिहिलंय. टाइप केलेल्या कागदाला माणूस उठून उभा राहतो म्हणून. पाठवायचं कुठं, ते ठरवलेलं नाही, आणि छापून काढलं तरी पाकिटात घालणार नाही. फक्त एक सांगते. ह्या कीबोर्डवर एकची कळ आहे, वरच्या ओळीत, अगदी सुरुवातीला. तरी एक मारायचा झाला की माझ्या उजव्या हाताची अनामिका आधी एलवर जाते, तिथं जराशी टेकते, आणि मग दुसरा हात वर जातो. मुलींना मी ही सवय लागू देत नाही. माझी मोडायचा मी कधीच प्रयत्न केला नाही.